अवघड दिवसांत काम, घर आणि मन सांभाळताना: नाशिककरांसाठी पायरीपायरीने

ऑर्डर घटल्या म्हणून कंपनीने पाळ्या कमी केल्या, कंत्राट संपलं, घरात मोठं आजारपण आलं, द्राक्षबागेत गोडी छाटणीनंतर (फळासाठीच्या छाटणीनंतर) पाऊस लागून घड जिरले, हप्ता थकला. असं काही घडलं की बहुतेक माणसं ठरवतात, आधी मन थाऱ्यावर येऊ दे, मग बाकीचं बघू. तिथेच महिने निघून जातात. मन बसल्या जागी थाऱ्यावर येत नाही. झोपेची वेळ ठरली, कामाचे तास आवरले, पैशांचा हिशेब कागदावर आला आणि एका माणसाशी मोकळं बोलणं झालं, की मन हळूहळू मागून येतं. म्हणून या लेखातल्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत. सगळ्या एका आठवड्यात करायला जाऊ नका. दर आठवड्याला एक पायरी पुरे, आणि झोपेची पायरी मात्र वगळू नका.

सुरुवात करण्याआधी

जगणं नको झालंय, आपण नसलेलं बरं, असे विचार येत असतील तर पायऱ्या बाजूला ठेवा आणि आत्ताच १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेली मानस सेवा, ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेली. चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं आणि फोनला पैसे पडत नाहीत. तो नंबर लागला नाही तर १८००-८९१-४४१६. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८, नाहीतर थेट जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग. त्या वेळी माणसाला एकटं सोडायचं नाही.

द्राक्षपट्ट्यात, म्हणजे निफाड, दिंडोरी, चांदवडकडे, आणखी एक गोष्ट आजच करण्यासारखी आहे. फवारणीची औषधं घरात, पडवीत, पलंगाखाली ठेवलेली असतात. ती कुलपाच्या पेटीत घाला आणि किल्ली खचलेल्या माणसाकडे न ठेवता दुसऱ्या कुणाकडे द्या. टोकाची लहर बऱ्याचदा थोडा वेळच टिकते, आणि तेवढ्या वेळात घातक वस्तू हाताशी नसली तर माणूस वाचतो.

पहिली पायरी: हे नुसतं टेन्शन आहे की आजार, ते तपासा

टेन्शन प्रत्येकाला येतं. कारण टळलं की ते उतरतं, मध्येच हसू येतं, सुट्टीच्या दिवशी जेवण गोड लागतं. नैराश्यात तसं होत नाही. डॉक्टर प्राथमिक तपासणीत दोन प्रश्न विचारतात, ते घरीही विचारता येतात. गेल्या दोन आठवड्यांत, एक, कामात किंवा एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटला नाही, असं किती दिवस झालं? दोन, उदास, खचल्यासारखं, आशा संपल्यासारखं किती दिवस वाटलं? एकदाही नाही याला ०, काही दिवस याला १, निम्म्याहून जास्त दिवस याला २, जवळजवळ रोज याला ३ गुण. दोन्हींची बेरीज ३ किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना भेटायचं. हे निदान नव्हे, पण भेट पुढे ढकलायची नाही एवढं यातून कळतं.

आपल्याकडे पुरुष सहसा ‘मी उदास आहे’ असं म्हणत नाहीत. त्यांची तक्रार वेगळ्या शब्दांत येते: डोकं जड होतं, अंग ठणकतं, पोटात गोळा येतो, पोरांवर उगाच हात उगारला जातो, मशीनवर लक्ष राहत नाही. बायका म्हणतात, काही सुचत नाही, जीव घाबरा होतो. सगळे रिपोर्ट नॉर्मल येऊनही हे चालूच राहिलं तर ते मनाचं दुखणं असू शकतं, हे घरच्यांनी लक्षात ठेवावं.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. थायरॉईड कमी असणं, रक्त कमी असणं, बी-१२ची कमतरता, वाढलेली साखर यांनीही माणूस गळून जातो आणि उदास दिसतो. म्हणून पहिल्या भेटीतच डॉक्टरांना विचारून या चार तपासण्या करून घ्या. नाहीतर गोळी खायची थायरॉईडची आणि महिनोन्‌महिने आपण मनाला दोष देत बसतो.

दुसरी पायरी: झोप

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. झोप मोडली की चिडचिड वाढते, निर्णय चुकतात, भूक बिघडते, आणि लहानशी अडचणसुद्धा डोंगराएवढी दिसायला लागते. मोठ्या माणसाला रात्री सात तास तरी झोप लागते. ती परत मिळवायचा मार्ग असा:

१. उठण्याची वेळ ठरवा. झोपण्याची वेळ आपल्या हातात नसते, उठण्याची असते. सहा म्हणजे सहा, रात्री झोप लागो न लागो. सुट्टीला फार तर सात.

२. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत दहा-पंधरा मिनिटं उघड्यावर जा. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ लागतं. गच्चीवर चहा घेतला तरी चालेल.

३. चहा-कॉफी दुपारी तीननंतर बंद. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाच्या दोन कटिंगमधलं निम्मं कॅफीन रात्री अकराला अंगात शिल्लक असतं. तंबाखू, गुटखा, सिगारेट हीसुद्धा जाग आणणारी द्रव्यंच आहेत, म्हणून झोपण्याआधी मळलेली तंबाखू नडते.

४. अंथरुणात फक्त झोपायचं. फोन, हिशेब, भांडण दुसऱ्या जागी. वीस मिनिटांत डोळा लागला नाही असं वाटलं तर उठून बाहेरच्या खोलीत बसा, मंद दिव्यात काहीतरी साधं करा, पेंग आली की परत या. घड्याळाकडे बघू नका, वीस मिनिटं अंदाजानेच धरायची. कूस बदलत तासन्‌तास पडून राहिलं की अंथरूण म्हणजे काळजी, अशी शरीराला सवय लागते. ती मोडायलाच हे उठणं आहे.

५. दुपारची वामकुक्षी वीस-तीस मिनिटं, तीनच्या आत. गजर लावूनच पडा.

पहिले चार-पाच दिवस त्रास होतो, दिवसा पेंग येते. बहुतेक लोक नेमके तिथेच सोडतात आणि ‘आपल्याला नाही जमत’ म्हणतात. दोन आठवडे सलग चालू ठेवा. सगळ्यात मोठा घात सुट्टीच्या दिवशी होतो. आठवडाभराची झोप भरून काढायची म्हणून दुपारी बारापर्यंत लोळलं, की त्या रात्री झोप येत नाही आणि नव्या आठवड्याची सुरुवातच तारवटलेल्या डोळ्यांनी होते. सुट्टीला तासभर जास्त झोपा, त्याहून जास्त नको.

झोपेसाठी दारू घेणाऱ्यांना स्पष्टच सांगायला हवं. क्वार्टरने डोळा लवकर लागतो हे खरं, पण रात्रीच्या उत्तरार्धात तीच झोप मोडते, पहाटे तीनला घाम येऊन जाग येते आणि सकाळी उदासी दुप्पट. मात्र जे वर्षानुवर्षं रोज भरपूर पितात त्यांनी एका दिवसात परस्पर बंद करू नये. अचानक थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत फिट येणं, भ्रम होणं असे जीवघेणे प्रकार घडू शकतात. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची.

मेडिकलमधून परस्पर आणलेली झोपेची गोळी हाही तसाच सापळा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीच्या गोळ्यांची काही आठवड्यांत सवय लागते, डोस वाढत जातो, आणि एकदम बंद केल्या तर झोप पूर्वीपेक्षा वाईट होते. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिली तर घ्या, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर नको.

रात्रपाळीवाल्यांसाठी

सातपूर, अंबड, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत फिरत्या पाळ्या असतात आणि वरचे नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पाळी पहिली, दुसरी, तिसरी अशी पुढे सरकली तर शरीराला सोपं जातं, उलटी फिरली तर जड. सुपरवायझरशी बोलून क्रम बदलता येत असेल तर पहिली मागणी हीच करा. रात्रपाळीत चहा पाळीच्या पहिल्या निम्म्या भागात संपवा. जेवणाच्या सुट्टीत जागा आणि परवानगी असेल तर वीस मिनिटं डोळे मिटा. मशीनवर परतण्याआधी तोंड धुऊन दहा मिनिटं जाऊ द्या, कारण उठल्या उठल्या हात मंद चालतात.

सकाळी घरी येताना गडद चष्मा घाला, कोवळं ऊन डोळ्यांवर आलं की मेंदू दिवस सुरू झाला असं धरतो. गाडीवर पेंग येत असेल तर मात्र चष्म्याचा विचार सोडा आणि कंपनीच्या बसने या. घरी हलकं खाऊन लगेच झोपायचं. खिडकीला जाड चादर किंवा काळा कागद, फोन दुसऱ्या खोलीत, आणि घरातल्यांना वेळ लिहून दाराला लावलेली: ‘नऊ ते दोन उठवू नये’. हे शेवटचं अनेकांना संकोचाचं वाटतं. पण रात्रपाळीच्या माणसाची झोप उन्हाने जितकी मोडते तितकीच ‘जरा सिलेंडर आलाय का बघ’ने मोडते. पाच तास सलग झाल्यावर संध्याकाळी दीड-दोन तास परत झोपलं तरी हिशेब जमतो.

तिसरी पायरी: आठवड्याचे तास मांडा

आठवड्यात १६८ तास असतात. एका वहीत सात दिवस चार रकाने ठेवा: नोकरी, प्रवास, घरकाम, फोन. रात्री पाच मिनिटांत अंदाजे तास लिहायचे. सर्वसाधारण कारखान्याचा हिशेब असा निघतो: काम ४८, जाणं-येणं सहा दिवसांचं ९, झोप साडेबावन्न, आंघोळ-जेवण-आवराआवर साडेसतरा. बेरीज १२७. उरतात ४१. हे ४१ तास कुठे जातात ते वहीत दिसतं, आणि बहुतेकांच्या वहीत ते ओव्हरटाइम आणि फोन या दोनच ठिकाणी जातात.

ओव्हरटाइम पैशासाठी लागतो, ते समजतं. जादा तासांना दुप्पट दराने मोबदला हा कायद्याने दिलेला हक्क आहे, तो पगारपत्रकावर दिसतो का ते आधी बघा. आणि सलग किती आठवडे करायचा याला मर्यादा घाला. कर्जाचा एक ठरावीक आकडा फिटेपर्यंत, असं लिहून ठेवलेलं बरं, नाहीतर ओव्हरटाइम गृहीत धरून नवा हप्ता सुरू होतो आणि मग तो सोडताच येत नाही.

मुंबईला रोज जाणाऱ्यांचा हिशेब वेगळाच आहे. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस धरायची आणि रात्री दहाच्या आसपास घरी पोचायचं, म्हणजे पंधरा तास घराबाहेर. पाच दिवसांचे ७५. अशा माणसाला ‘घरी जास्त वेळ दे’ सांगून उपयोग नाही, वेळच नाही. त्याने गाडीतले तास वाटून घ्यावेत: जाताना कार्यालयाचं काम, येताना अर्धा तास डोळे मिटून आणि घरी फोन. घरात पाय टाकेपर्यंत कामाचं डोक्यातून काढायचं असेल तर इगतपुरीनंतर लॅपटॉप उघडायचा नाही, असा नियम करून बघा. आठवड्यातून एक दिवस घरून काम मिळालं तर तीन तास झोपेत घाला.

चौथी पायरी: कामाला कुंपण, घरकामाची वाटणी

कुंपण घालायचं म्हणजे साहेबाशी भांडायचं नाही. वेळ, कारण आणि पर्याय एका निरोपात सांगायचा. उदाहरणार्थ: ‘सर, रात्री नऊनंतर मी ग्रुपवरचे मेसेज बघत नाही. लाइन बंद पडली किंवा अपघात झाला तर कृपया फोन करा, मी उचलेन. बाकी सगळं सकाळी साडेसातला बघून कळवतो.’ आणि मग खरंच साडेसातला कळवा. दोन आठवडे हा शब्द पाळला गेला की समोरच्याची सवय बदलते. एकदा अकरा वाजता उत्तर दिलं की कुंपण मोडलं.

कामाचा ढीग अंगावर आला तर ‘जमणार नाही’ म्हणण्याऐवजी यादी समोर ठेवा: ‘ही तीन कामं आहेत, शुक्रवारपर्यंत दोन होतील, कोणती आधी करू?’ क्रम लावणं हे साहेबाचं काम आहे, त्याला ते करू द्या.

शेतकऱ्याला सुट्टीच नसते, आणि छाटणीनंतरचे पहिले दोन महिने तर रात्रीही डोळा लागत नाही. ढग दिसला की डाऊनी या बुरशीच्या रोगाची धास्ती, फुलोऱ्यात पाऊस आला की गळीची. या काळात हवामानाचं ॲप दिवसातून दोनदाच उघडायचं: सकाळी फवारणी ठरवताना आणि संध्याकाळी उद्याचं नियोजन करताना. दर अर्ध्या तासाला पाहून पाऊस थांबत नाही, झोप मात्र जाते. ट्रॅक्टरवर रात्री कोण आणि पहाटे कोण, हे भावाभावांत आधीच ठरवून घ्या. नुकसान झालंच तर त्याच दिवशी तारखेसह फोटो काढून तलाठ्याकडे पंचनाम्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. हातात कागद असला की रात्रीचं ‘आता काय’ थोडं कमी होतं.

नोकरी करणाऱ्या बाईच्या वाट्याला दोन पाळ्या येतात. तिथे नवऱ्याने ‘मदत करतो’ म्हणून भागत नाही, कारण मदतीत आठवण करून देण्याचं काम बाईकडेच राहतं. अख्खं काम सोपवा. डबे म्हणजे भाजी काय हे ठरवण्यापासून डबा धुण्यापर्यंत. मुलांची शाळा म्हणजे फी, गणवेश, पालकसभा सगळं. रविवारी दहा मिनिटं बसून कामांची यादी करा आणि प्रत्येकापुढे एकच नाव लिहा. सासूबाई-सासरे असतील तर त्यांनाही यादीत घ्या. भाजी निवडणं, नातवंडांना बसस्टॉपवरून आणणं ते आनंदाने करतात, पण विचारावं लागतं. दुसऱ्याने केलेलं काम आपल्या पद्धतीचं झालं नाही म्हणून परत ओढून घेऊ नका, वाटणी तिथेच फसते.

पाचवी पायरी: पैशांची भीती कागदावर उतरवा

रात्री जागवणारी गोष्ट बहुतेकदा पैसाच असते, आणि डोक्यातला आकडा खऱ्या आकड्यापेक्षा मोठा असतो. एका पानावर पाच रकाने: कुणाचं, किती, व्याज किती, हप्त्याची तारीख, फोन कोण करतो. त्यात हातउसने आणि सोनं गहाण ठेवून घेतलेलेही लिहा. हे पान नवरा-बायकोने मिळून लिहायचं. लपवलेलं कर्ज एकट्याने वाहणाऱ्याचं मन सगळ्यात आधी मोडतं.

मग हप्ता चुकण्याआधी बँकेच्या शाखेत जा. नोकरी गेल्याचा किंवा नुकसानीचा कागद जोडून परतफेडीची पुनर्रचना करून मिळावी असा लेखी अर्ज द्या आणि प्रतीवर शिक्का घ्या. चुकल्यानंतर गेलात तरी अर्ज घेतात, पण तुमची बाजू दुबळी झालेली असते. वसुलीवाल्यांना रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. गटातून घेतलेल्या छोट्या मायक्रोफायनान्स कर्जांना ही वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी आहे. शिवीगाळ, नातेवाइकांना फोन, दारात तमाशा हे सगळं नियमबाह्य. आधी बँकेकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. चौकशीसाठी १४४४८ हा त्यांचा नंबर. फोनच्या वेळा तारखेसकट लिहून ठेवा, तक्रारीला तोच पुरावा.

सहावी पायरी: चालणं आणि एक माणूस

बैठं काम असेल तर आठवड्यात दीडशे मिनिटं भराभर चाला, म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग. गोल्फ क्लबचा जॉगिंग ट्रॅक, कृषीनगरचा, इंदिरानगरचा, जो जवळ असेल तो. सौम्य नैराश्यावर याचा चांगला उपयोग होतो. दिवसभर हमाली किंवा शेतातलं कष्टाचं काम करणाऱ्याला हा सल्ला लागू नाही, त्याला विश्रांतीच हवी.

‘मन लागलं की जाईन’ अशी वाट बघू नका. उदासीत मन आधी लागत नाही, केल्यानंतर थोडं लागतं. म्हणून वेळ लिहून ठेवा आणि काम इतकं लहान ठेवा की नाही म्हणता येणार नाही: चपला घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन येणं, सार्वजनिक वाचनालयात अर्धा तास पेपर चाळणं, झाडांना पाणी.

एक माणूस निवडा, ज्याच्याशी आठवड्यातून एकदा खरं बोलता येईल. रविवारी मिसळ खाताना बोललं तरी पुरे. त्याला आधीच सांगा: ‘दादा, उपाय सांगू नकोस, दहा मिनिटं फक्त ऐक.’ भजन, नामस्मरण, सकाळी गोदाकाठी जाणं यांनी ज्याला शांत वाटतं त्याने ते जरूर करावं. बाहेरची बाधा आहे म्हणून कुणी गोळ्या बंद करायला सांगितलं, तर ते ऐकू नका.

सातवी पायरी: घाबरं झालं तर, आणि विचार थांबत नसतील तर

अचानक छातीत धडधड, श्वास कोंडणं, हातापायांना मुंग्या, आता मरतो की काय अशी भीती, हा झटका सहसा दहाएक मिनिटांत शिखर गाठून ओसरतो. बसा, पाय जमिनीवर टेका, नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा मोजत सोडा. सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं, धडधड त्यानेच उतरते. पाच मिनिटं करा. मोठमोठे श्वास भराभर घेतले तर मुंग्या आणि चक्कर वाढते, बहुतेकांची चूक तिथे होते. पण पहिल्यांदाच असं होत असेल, वय चाळिशीपुढचं असेल, किंवा छातीत दाब येऊन डाव्या हातात, जबड्यात कळ आणि दरदरून घाम असेल, तर ‘टेन्शन असेल’ म्हणत घरी बसायचं नाही. आधी ईसीजी.

विचारांच्या चक्राला ठरलेली वेळ द्या. रोज संध्याकाळी सहा ते सव्वासहा, वही घेऊन, काळज्या लिहायच्या. ज्यावर उद्या काही करता येईल तिच्यापुढे कृती आणि वेळ लिहा. ज्यावर काहीच करता येत नाही तिच्यापुढे रेघ. रात्री तीच काळजी आली की मनाला सांगायचं, उद्या सहाला. सुरुवातीला ती ऐकत नाही, आठवड्याभरात ऐकायला लागते. झोपण्याच्या दोन तास आत ही वही उघडू नका.

आठवी पायरी: डॉक्टरांकडे जाताना

कुणाकडे जायचं यात गोंधळ होतो. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. औषधं तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतात, त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारायला लाजू नका. झोप, भूक, कामावर जाणं, तिन्ही बिघडलं असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञ.

नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, बाह्यरुग्ण विभागात सकाळी लवकर पोचून केसपेपर काढा आणि मानसिक आरोग्य विभाग विचारा. पगारातून ईएसआयची कपात होत असेल तर सातपूरचं कामगार विमा रुग्णालय आहे. ईएसआयच्या डॉक्टरने विश्रांतीचं प्रमाणपत्र दिलं आणि वर्गणीची अट पूर्ण असली, तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळतो. मनाच्या आजारालाही तो लागू आहे, हे अनेक कामगारांना ठाऊक नसतं. खासगी आरोग्य विमा असेल तर मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७नुसार विमा कंपनीने शारीरिक आजारासारखंच मानसिक आजाराला संरक्षण द्यायचं असतं. त्याच कायद्याने तुमच्या आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्कही दिला आहे.

पहिल्या भेटीला अर्ध्या पानाची चिठ्ठी न्या: त्रास कधीपासून, झोपेचे तास, भूक, वजन, चालू गोळ्या, दारू-तंबाखू किती, घरात आधी कुणाला असा त्रास होता का. मरणाचे विचार आले असतील तर तेही लिहा. तोंडाने सांगवत नाही, कागद पुढे करता येतो.

औषध सुरू झालं तर हे आधीच माहीत असू द्या. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पण मळमळ, डोकेदुखी, बेचैनी पहिल्याच आठवड्यात येते. म्हणजे त्रास आधी आणि गुण नंतर. म्हणूनच इतके लोक आठव्या दिवशी गोळी फेकून देतात. तेव्हा फेकण्याआधी डॉक्टरांना फोन करा. बेचैनी फार वाढली किंवा मरणाचे विचार वाढले तर त्याच दिवशी भेटा. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी औषध चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. या गोळ्या झोपेच्या गोळ्यांसारख्या नसतात, त्यांची नशा लागत नाही.

घरातल्या माणसांनी

‘तुला काय कमी आहे’, ‘लोकांना बघ किती दुःखं आहेत’ ही वाक्यं प्रेमापोटीच येतात, पण ऐकणारा त्यानंतर बोलणं बंद करतो. त्याऐवजी दिसलं ते सांगा: ‘नाना, पंधरा दिवस झाले, तुम्ही नीट जेवत नाही, रात्री अंगणात फिरत असता. मला काळजी वाटते. उद्या आपण दोघं सिव्हिलला जाऊ, मी सुट्टी टाकलीय.’ दिवस, वेळ आणि सोबत ठरवून दिली की माणूस सहसा येतो. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर रागावू नका, रडू आलं तरी चालेल, पण तिथेच बसून १४४१६ लावा.

रजेनंतर कामावर परतताना

पहिल्या दिवशी पूर्ण पाळी आणि ओव्हरटाइम घेऊ नका. डॉक्टरांकडून हलक्या कामाची किंवा कमी तासांची चिठ्ठी मागून घ्या. पहिला आठवडा दिवसपाळी, दोन-तीन आठवडे रात्रपाळी नको, उंचीवरचं काम आणि प्रेस मशीन गोळ्यांनी गुंगी येत नाही हे कळेपर्यंत नको. सहकाऱ्यांनी विचारलं तर ‘तब्येत ठीक नव्हती, आता उपचार चालू आहेत’ एवढं उत्तर पुरतं. जाण्याच्या आठ दिवस आधीपासून कामाच्या दिवसासारखं उठायला लागा. परत झोप सलग तीन रात्री मोडली, जेवण टाळलं जाऊ लागलं किंवा फोन उचलणं नकोसं झालं, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना लवकर भेटा. ही तीन लक्षणं घरातल्या एकाला आधीच सांगून ठेवा, कारण आपल्याआधी ती त्यालाच दिसतात.